शटरवरची नोटीस पण सिलॅबसमध्ये घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात मास कम्युनिकेशनमध्ये एमए करतेय, दुसरं वर्ष, आणि या सेमिस्टरला आम्हाला क्रायसिस कम्युनिकेशनचा पेपर आहे. म्हणजे कंपनीवर, बँकेवर, हॉस्पिटलवर संकट आलं की लोकांशी कोणी, कधी आणि काय बोलायचं. विषय मला मनापासून आवडतो, म्हणूनच लिहावंसं वाटलं.

आमची सुरुवात होते १९८२ च्या शिकागोपासून. टायलेनॉल या दुखण्या-तापावरच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड घातलं, ७ माणसं गेली, आणि जॉन्सन अँड जॉन्सनने साधारण ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या. केस भारी आहे, शिकवायलाच हवी. पण आपल्याकडे २००३ मध्ये कॅडबरीत अळ्या सापडल्या, महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, कारवाई केली, कंपनी आधी म्हणाली दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही, ते लोकांना पटलं नाही, मग पॅकिंग बदललं आणि २००४ मध्ये अमिताभ बच्चन जाहिरातीत आले, हे तर आमच्या घरच्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आई सांगते, त्या दिवाळीला चॉकलेटचा बॉक्स कोणाला द्यायची हिंमतच होत नव्हती. ही केस आमच्याकडे अर्ध्या लेक्चरमध्ये उरकली.

खरा मुद्दा वेगळाच आहे. माझ्या मावशीचे पैसे एका छोट्या सहकारी बँकेत होते. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्याचं, म्हणजे पैसे काढण्यावर मर्यादा आल्याचं, तिला शेजारणीकडून कळलं, बँकेकडून काहीच नाही. सकाळी मी तिच्याबरोबर गेले तर शटर अर्धं खाली, त्याला चिकटपट्टीने लावलेला एक कागद, सगळा इंग्रजीत, कलम ३५ए (रिझर्व्ह बँक असे आदेश काढते ते कलम) वगैरे. पुढे पन्नास-साठ माणसं, बरीचशी म्हातारी, आणि सगळे जण वॉचमनला विचारतायत. मावशी म्हणाली, "दादा, माझ्या एफडीचं काय?" तो बिचारा म्हणाला, "ताई, मलाही सकाळीच कळलंय." ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, ही गोष्ट तिला मी मोबाइलवर शोधून सांगितली, तेव्हा कुठे तिचा जीव जरा भांड्यात पडला.

आमच्या अभ्यासात टिमथी कूम्ब्स हे क्रायसिस कम्युनिकेशनचे अभ्यासक आहेत. त्यांचं म्हणणं असं की संस्थेने स्वतःचं नाव वाचवायच्या आधी लोकांना सांगावं की आता त्यांनी काय करायचं, मग त्यांच्या काळजीची दखल घ्यावी, आणि इमेजचं नंतर बघावं. वाचताना मला तो कागदच आठवत होता. किती पैसे काढता येतील, कधीपासून, कुठली कागदपत्रं आणायची, यातलं त्यावर एकही नव्हतं.

आणि आम्ही परीक्षेत काय लिहितो, तर सीईओच्या नावाने इंग्रजी प्रेस रिलीज. ते यायलाच हवं, नोकरी त्यावरच मिळते. पण संकटाच्या दिवशी लोकांना पहिला भेटतो तो वॉचमन, काउंटरवरची मुलगी, फोन उचलणारा ऑपरेटर, त्यांच्या हातात काय द्यायचं हे आम्हाला कोणी शिकवतच नाही. विद्यापीठांना आणि कॉलेजांना माझी कळकळीची विनंती आहे, या पेपरात एक तरी प्रॅक्टिकल मराठीत ठेवा: एक पानी नोटीस, मोठ्या अक्षरात, आणि वॉचमनने सांगायची चार वाक्यं. मार्क पण द्या त्याला, नाहीतर कोणी मनावर घेणार नाही.

प्रोजेक्टसाठी मी अशी नोटीस लिहून मावशीला वाचायला दिली. पहिल्याच ओळीला ती थांबली आणि म्हणाली, "निर्बंध म्हणजे बँक बुडाली का गं?" ती ओळ मी आता परत लिहितेय.

आपली,
एक विद्यार्थिनी, पुणे