धुराची नळी भिंतीतच सोडू नका

मा. संपादक,

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा फोडणीचा ठसका आणि वाफ घराबाहेर काढणारा एक्झॉस्ट फॅन ही चैन राहत नाही. तो बसवताना भिंतीतील नळीकडे मात्र अक्षम्य दुर्लक्ष होते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या घरी ९ इंची विटांच्या भिंतीला केवळ आतल्या बाजूने छिन्नीने भोक पाडले गेले, त्यामुळे बाहेरचा गिलावा मोठ्या तुकड्याने निखळला. शिवाय नळी भिंतीच्या मध्यावरच संपल्याने तेलकट वाफ विटांत मुरत राहिली आणि वर्षभरात आतला रंग फुगून सुटला. हे सहज टाळता आले असते. कोअर कटरने (गोल, स्वच्छ भोक कापणाऱ्या यंत्राने) नळीपेक्षा किंचित मोठे भोक घ्यावे, नळी बाहेरच्या बाजूला थोडी उतरती ठेवून भिंतीच्या पुढे काढावी, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही, आणि भोवतालची फट सिमेंटच्या मालाने पक्की भरावी. बाहेर आपोआप मिटणारी झडप बसवावी; बारीक जाळी तेलाने लवकर चोंदते. भोकापूर्वी बीम आणि भिंतीतील वायरिंग तपासणे अत्यावश्यक आहे.

ही नळी शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर उघडू नये, एवढी काळजीही प्रत्येक घरमालकाने व मिस्त्रीने घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, जुळे सोलापूर