कर्नलसाहेबांना कुंदा पाठवू नका

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "दिल्लीत पोस्टिंग बघणारा साहेब तुझ्या ओळखीचा, मग घराजवळ बदली व्हायला घोडं अडतंय कुठं?" तेवढ्यात रेंज गेली. बरंच झालं, कारण याचं उत्तर दोन वाक्यांत मावणारं नाही. आईलाही वाचून दाखवा. विषय तिच्या गुडघ्याचा आहे हे आधीच सांगा, नाहीतर "तुमचं मिलिटरीचं मला काय कळतंय" म्हणून ती उठून चुलीकडं जाईल.

तुमच्या नोकरीत पलटण हलली की तुम्ही हलायचात. भरती बेळगावात, ट्रेनिंग बेळगावात, जवानांच्या बदल्यांचे कागद बघणारं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिसही तिथंच कॅम्पात. जांबोटीहून एसटीनं दीड तासाच्या आत पोचाल एवढं जवळ, तरी तुमचा कागद ज्या टेबलावरून जायचा तिथला माणूस तुम्ही उभ्या नोकरीत बघितला नाहीत. पलटणीबाहेर गेलात ते राष्ट्रीय रायफल्समध्ये आणि नंतर एनसीसीला. दोन्ही वेळा क्लार्कनं हुकूम वाचला आणि तुम्ही ट्रंक बांधलीत. त्यामुळं पोस्टिंग करणारा म्हणजे कुणीतरी लांबचा देव, आणि त्याला प्रसन्न करायला मधला बडवा लागतो, असं तुमच्या मनात पक्कं बसलंय.

आमचं निराळं आहे. सिग्नलचा, म्हणजे फौजेचं दळणवळण सांभाळणाऱ्या कोअरचा अधिकारी एकटा हलतो, साधारण दोन-तीन वर्षांनी, आणि कुठं ते दिल्लीत एमएस ब्रँचमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या बदल्या बघणाऱ्या मिलिटरी सेक्रेटरीच्या शाखेत ठरतं. आमच्या बदल्या बघणारे कर्नल आमच्याच कोअरचे आहेत. तेही डोंगरावर राहून आलेत, तिथली मुदत संपली की त्यांनाही कुणीतरी कुठंतरी पाठवणार आहे. ते माझा फोन उचलतात, हे खरं. पण उचलतात कशामुळं, ते ऐका.

त्यांचं काम म्हणजे भावकीतली वाटणी. प्रत्येकाला विहिरीकाठचं शेत पाहिजे आणि माळाचा तुकडाही कुणाच्या तरी नावावर लागलाच पाहिजे. पुणं, बंगळूर, गोवा मागणारे ढीगभर. बर्फातली जागा मात्र रिकामी ठेवता येत नाही. त्यात कुणाचा मुलगा दहावीला, कुणाचे वडील अंथरुणावर, कुणी नवरा-बायको दोघंही फौजेत. बरेच अधिकारी त्यांना एकदाच फोन करतात: ऑर्डर हातात पडल्यावर, रद्द करा म्हणून. तोपर्यंत त्या जागेवरचा माणूस निघायच्या तयारीत असतो, त्याच्या जागी तिसरा ठरलेला असतो, आणि एक बदली फिरवायची तर सगळी साखळीच उसवावी लागते. मग साहेब तुसडे वाटतात. तुसडे नाहीत हो ते. त्यांच्या हातात काही उरलेलंच नसतं.

मी फोन करते तो ऑर्डर निघायच्या कितीतरी आधी, ऑफिसच्या वेळेत, आणि थोडक्यात. या युनिटला कधी आले, मुदत कधी संपते, पुढं कुठं जायला आवडेल आणि घरची अडचण काय, एवढंच सांगायचं. फोन ठेवला की तेच चार ओळींत लिहून पाठवायचं, कारण उद्या ते साहेब बदलले तर नव्या माणसाला माझा आवाज आठवणार नाही, कागद मात्र दिसेल. आणि दिल्लीला फोन करण्याआधी आमच्या सीओंना, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरना सांगायचं. सीओंना डावलून दिल्लीशी गुजगोष्टी करणारा अधिकारी दोन्हीकडून जातो. ही शिस्त मी तुमच्याकडूनच शिकले. घरी आलेला जवानसुद्धा आधी त्याच्या हवालदाराला सांगून आलाय का, हे तुम्ही विचारायचात.

तुम्हाला बोलले नव्हते, पण इथं डोंगरावर मी ठरल्या वेळेच्या आधी आलेय. इथला अधिकारी आजारी पडून खाली गेला, जागा उघडी पडली. कर्नलसाहेबांनी विचारलं, लवकर निघू शकाल का? सीओंना विचारलं आणि हो म्हटलं. बदल्यात काहीही मागितलं नाही. बाबा, तुम्ही असता तर तिथंच गोवा लिहून घेतला असता, ठाऊक आहे मला! पण अडलेल्या माणसाशी सौदा केला की त्याच्या लक्षात सौदा राहतो. गोव्याचं मी नंतर, सवडीनं सांगितलं.

गोवाच का, तर बेळगावात माझ्या हुद्द्याच्या सिग्नलच्या जागा फारशा नाहीत. गोव्यात पणजीला आमचं ट्रेनिंग सेंटर आहे. तिथून चोर्ला घाट चढला की कणकुंबी, आणि पुढं आपलं जांबोटी. शनिवारी निघून आईच्या हातची भाकरी खाऊन रविवारी परत. पहिली पसंती गोवा आणि दुसरी पुणे, असं सांगितलंय. साहेब म्हणाले, "नोंद करून ठेवतो, शब्द देत नाही." त्या उत्तरानं माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. हो-हो म्हणून ऐन वेळी हात वर करणारे कमी आहेत का?

पुढं त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि सध्या घोडं अडलंय ते तिथं. मी इथं कंपनी सांभाळतेय. नवे सीओ नुकतेच आलेत. एखाद्या वरिष्ठाच्या हाताखाली किमान ९० दिवस काम झाल्याशिवाय तो आपला वार्षिक गोपनीय अहवाल लिहू शकत नाही. आत्ता हट्टानं उठून गोव्याला गेले तर ज्या कामासाठी इतकी थंडी खाल्ली त्याचा अहवालच अर्धवट राहील. तुमच्या वेळी यात एवढं काही नव्हतं म्हणाल. पण १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, तेव्हा आपल्या ओसरीवर टीव्हीपुढं कोण बसलं होतं? बायकांना पर्मनंट कमिशन आणि कमांडही, हे ऐकून तुम्ही मला फोनवर सॅल्यूट ठोकलात. २०२३ मध्ये कर्नलच्या हुद्द्यासाठी बायकांचं खास सिलेक्शन बोर्ड बसलं, जागा होत्या १०८. असल्या बोर्डापुढं माणूस जात नाही, त्याची फाइल जाते. माझी फाइल जाईल तेव्हा त्यात डोंगरावरची कंपनी दिसली पाहिजे. साहेबांनी हे स्वतःहून सांगितलं. गप्प राहून मला गोव्याला धाडणं त्यांनाही सोपं होतं. नकार देतानाही माझा फायदा बघणारा माणूस तिथं बसलाय, तर त्याच्याशी नीट वागायला नको?

आता काकांच्या आमदारांबद्दल. त्यांचं पत्र नको म्हणजे नको. बदलीसाठी बाहेरून दबाव आणणं आमच्या नियमांत बसत नाही, आणि पत्र गेलं की त्याचा जाब मलाच द्यावा लागेल. गावात कुणाला वाटेल पोरीला माज आलाय, वाटू दे. आपल्या बेळगावच्या मिठाईचं, कुंद्याचंही तेच. दिल्लीला कुंद्याचा डबा पाठवायचं तुमच्या मनात आहे असं आई बोलून गेली. साहेबांना मिठाईचं काही नाही, पण त्यांच्यापुढं बसलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं तो डबा बघितला तर त्याला काय वाटेल? कुंदा मी सुट्टीहून परत येताना मेससाठी आणीन. मागच्या वेळी कॅम्पातनं आणलेला एका जेवणात संपला, आणि हा पेढा आहे की हलवा यावर पंजाबी डॉक्टर आणि तमिळ कॅप्टनचं जोरदार भांडण झालं.

आणि आई, तुझ्या गुडघ्यासाठी कम्पॅशनेट ग्राउंडवर, म्हणजे घरच्या गंभीर अडचणीसाठी बदलीचा अर्ज कर, असं बाबा म्हणतात. तो मी करणार नाही, रागावू नकोस. माझ्या कंपनीतल्या एका नायकाच्या बायकोला कॅन्सर निघाला, लेकरू लहान, घरी दुसरं कुणी नाही. जवानाला काही दिल्लीशी बोलता येत नाही; त्याचं सगळं जबलपूरला, सिग्नलच्या रेकॉर्डमध्ये. त्याची कागदपत्रं तेलुगूत होती. आपला सातबारा कन्नडमध्ये आल्यावर तुम्ही टायपिस्टकडं चकरा मारता, तशाच मी मारल्या. डॉक्टरांचे रिपोर्ट लावले, अर्जात एक शब्द फुगवला नाही आणि तिथल्या साहेबांशी बोलले. त्याला घराजवळचं युनिट मिळालं. इथून गेलेला अर्ज खरा असतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून वेळ लागला नाही. तो दरवाजा अशा माणसांसाठी आहे. तुझा गुडघा दुखतो, मला कळतं, पण त्याला डॉक्टर आहेत, बाबा आहेत, आणि माझी रजा आहे.

तर ठरवलंय ते असं. सुगीच्या आधी तू पाय दाखवायलाही जाणार नाहीस, हे गृहीतच धरलंय. भात घरात येऊ दे. डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, तेव्हा बेळगावात मोर्चे आणि बंदोबस्त, गाडी कुठं अडकेल सांगता येत नाही. म्हणून ऑपरेशन जानेवारीत. माझी नव्या वर्षाची ६० दिवसांची रजा तेव्हापासून मिळते, त्यातली मोठी सुट्टी तुझ्यासाठी. सीओंच्या कानावर घातलंय. तोवर त्यांच्या हाताखालचे ९० दिवसही भरलेले असतील. बाबा, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं रेफरल आत्ताच काढून ठेवू नका, त्याला मुदत असते. तारीख पक्की झाली की काढा, आणि जुने एक्स-रे वेगळ्या पिशवीत ठेवा, बियाण्याच्या पावत्यांबरोबर नकोत.

गोव्याचं पुढच्या वर्षी कळेल. नाही मिळालं तर पुणं, तेही नाही तर जिथं पाठवतील तिथं. त्या दिवशीही मी साहेबांना फोन करून आभारच मानणार आहे, तेव्हा तुम्ही पलीकडून "अगं, भांड की जरा" म्हणू नका.

काकांना नमस्कार सांगा. आमदारांकडं जायचंच असेल तर त्यांनी खुशाल जावं, फक्त कणकुंबीच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवायचं पत्र घेऊन जावं. गोवा मिळाला तर त्या रस्त्यानं दर शनिवारी मीच येणार आहे.

तुमची लेक
द्वारा ९९ एपीओ