मेडिकलातल्या कात्रीकडं जरा बघा साहेब : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, कर्नाटक सरकार, यांस
सप्रेम नमस्कार,

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही बेळगावला येणारच, तिथं ऊस गाजेल, पाणी गाजेल, सीमाप्रश्न तर गाजतोच, त्यात अँटिबायोटिकवर कोण बोलणार, म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

आमच्या खानापूर, निपाणीकडं ताप-खोकला आला की माणूस दवाखान्याआधी मेडिकल गाठतो. "पावरची द्या काहीतरी, उद्या कामावर जायचंय." काउंटरवरचा पोरगा अँटिबायोटिकची स्ट्रिप काढतो आणि कात्रीनं तीन गोळ्या कापून देतो. औषधाचं नाव, एक्सपायरी, इशारा बहुतेक उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी ती उभी लाल रेघ अर्धीमुर्धी घरी येते, पण ती कशासाठी आहे हे कुणाला माहीत? गिऱ्हाइकाला मी दोष देत नाही, दवाखान्यात गेला तर फी वेगळी आणि रोज बुडतो तो वेगळाच.

पण पुढं काय होतं ते बघा. लोक म्हणतात अंगाला गोळीची सवय लागली. अंगाला नाही हो, सवय म्हणायची तर जंतूंना! चांगलं पोषण मिळालं तर ई. कोलायसारखा जंतू वीसेक मिनिटात दुप्पट होतो, इतक्या कॉप्या काढताना जनुकांत चुका होणारच, आणि कोट्यवधींत एखाद्याची चूक त्याच्याच फायद्याची निघते. कुणी पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम बनवतो, कुणी औषध आत आलं की पंपासारखं बाहेर फेकतो. गोळीनं बाकीचे मरतात आणि या पठ्ठ्याला रान मोकळं. उसात दरवर्षी एकच तणनाशक मारलं की जे तण वाचतं तेच पुढं माजतं, तसलंच हे. वर आणखी एक, हे गुण प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असले तर जंतू त्याची कॉपी शेजाऱ्याला देतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालतं. म्हणजे सर्दीला, जी व्हायरसनं होते आणि जिला ही गोळी शिवतसुद्धा नाही, त्या सर्दीला गोळी खाल्ली तरी पोटातले साधे जंतू तयार होऊन बसतात आणि उद्या खऱ्या रोगाच्या जंतूला ते शस्त्र देतात. 'कोर्स पूर्ण करा' अशी पोस्टरं लावतात, ठीक आहे, पण माझ्या मते मोठा घोळ आधीचाच, जो कोर्स सुरूच व्हायला नको होता त्याचा.

नवीन काही सांगत नाहीये. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 मध्ये नोबेलच्या भाषणातच सांगितलं होतं की अपुरा डोस घेतला तर जंतू निर्ढावतील. कायदाही आहे, शेड्यूल एच-1, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी, मार्च 2014 पासून लागू. सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक गोळी दिली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली हे रजिस्टरात लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. बघा की एकदा ती रजिस्टरं उघडून! केरळनं 2024 मध्ये 'ऑपरेशन अमृत' काढून मेडिकलांवर धाडी घातल्या, मग आपल्याला काय धाड भरलीय?

आणि एकट्या कर्नाटकानं करून भागणार नाही. आमची माणसं उपचाराला मिरज-कोल्हापूरला जातात, चंदगडची इकडं बेळगावला येतात. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, जंतू काय तारखेची वाट बघत थांबत नाहीत. महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांना एक फोन लावा, दोन्हीकडच्या ड्रग इन्स्पेक्टरांनी एकाच आठवड्यात तपासणी करावी, नाहीतर इकडं बंद झालं की लोक कागलला जाऊन आणतील.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लघवीची, रक्ताची कल्चर टेस्ट, म्हणजे कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते सांगणारी तपासणी, वेळेत होईल एवढं करा, म्हणजे डॉक्टरलाही अंदाजानं भारी औषध लिहावं लागणार नाही. आणि मेडिकलाबाहेर बोर्ड लावाल तो कन्नडबरोबर मराठीतही लावा. यात राजकारण नाही साहेब, गोळी घेणाऱ्या म्हातारीला वाचता यावा एवढंच.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक मतदार