फ्लॉरेन्सची फेरी मुलांच्या पायांनी आखा

प्रति,
मा. संपादक,
कोल्हापूर

स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतल्या युरोप सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या दैनिकात रोज झळकत आहेत. बहुतेक कार्यक्रमांत इटलीतले फ्लॉरेन्स एकाच दिवसाचे, आणि त्यातलाही अर्धा दिवस पिसाच्या मनोऱ्याला दिलेला. उरलेल्या वेळापुढे ‘स्थानिक गाईडसह शहराची पायी फेरी’ अशी एक ओळ छापलेली असते. आठ ते बारा वयाची मुले बरोबर असली की ही ओळ हमखास फसते. ती का फसते आणि पालकांनी इथूनच काय बदलून मागावे, यासाठी हे पत्र.

सहलीच्या बसला जुन्या शहरात प्रवेश नाही. ती नदीकाठी उतरवते. तिथून मुख्य चौकापर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालणे, मग डोकी मोजणे, मग स्वच्छतागृहाची रांग. गाईडचे पहिले वाक्य कानावर पडेपर्यंत पाऊण तास गेलेला असतो आणि पोरे पेंगायला लागलेली असतात. पुढची फेरी मोठ्यांच्या हिशेबाने अडीच-तीन तासांची. खरे तर दुओमो म्हणजे मुख्य चर्चपासून पोन्ते वेक्किओ हा जुना पूल जेमतेम सातशे-आठशे मीटर. मुले चालून थकत नाहीत, एका जागी ताटकळून थकतात. म्हणून फेरी दोन तासांची, थांबे सहा-सात आणि एका थांब्यावर फार तर आठ मिनिटे, असे आधीच ठरवून घ्यावे. सकाळी साडेआठला सुरुवात झाली तर चौक मोकळे मिळतात. अकरानंतर गर्दीत मुलाला समोरच्या माणसाच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही.

दुसरी अडचण कानातल्या यंत्राची. गाईडच्या गळ्यात माइक आणि प्रत्येकाच्या कानात रिसीव्हर अशी पद्धत आहे. मोठ्यांच्या मापाची कडी लहान कानावर टिकत नाही, आणि कोपऱ्यावर मूल मागे राहिले की आवाज तुटतो. बहुतेक रिसीव्हरना साधा ३.५ मिलिमीटर पिनचा इअरफोन लागतो. मुलाचा स्वतःचा न्यावा, अर्धे भांडण मिटते. उरलेले भांडण भाषेचे. इटलीत स्मारकांपाशी माहिती सांगण्याचा अधिकार परवानाधारक गाईडचा. इथून गेलेला टूर मॅनेजर तिथे मराठीत सांगायला लागला तर त्याला हटकले जाऊ शकते. गाईडचे इंग्रजी इटालियन वळणाचे, त्यात फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्यातल्या एकाच नावाच्या चार माणसांची वंशावळ. त्यापेक्षा काय पाहायचे ते मुलांना घरीच मराठीत सांगून ठेवावे आणि गाईडला फक्त बोट दाखवायला सांगावे.

आता मार्ग. सुरुवात दुओमोच्या पुढच्या दारापासून करू नये, तिथे सगळ्या जगाची रांग असते. चर्चच्या मागच्या बाजूला, पूर्वेला जावे. फरसबंदीत एक पांढरी संगमरवरी गोल चकती बसवलेली आहे. तिच्यावर अक्षर नाही, त्यामुळे मोठी माणसे ती तुडवून पुढे जातात. घुमटाच्या टोकावरचा तांब्याचा सोनेरी गोळा वीज पडून खाली आला, तो इथे पडला. तो गोळा शिल्पकार वेरोक्क्योच्या कारखान्यात घडला आणि १४७१ मध्ये वर चढवला. तरुण लिओनार्दो दा विंची तेव्हा त्याच कारखान्यात शिकत होता. मुलाला चकतीवर उभे करून वर बघायला सांगावे. आजचा गोळा पहिल्याहून मोठा आहे, हेही सांगावे.

घुमटाला मात्र वेळ द्यावा, बाकी काही गाळले तरी चालेल. चर्चचे काम १२९६ मध्ये सुरू झाले. जवळजवळ सव्वाशे वर्षांनी भिंती तयार होत्या आणि वर सुमारे ४५ मीटर रुंदीचे भोक होते. ते झाकायचे कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. जमिनीपासून लाकडी आधार उभारायचा तर तेवढे लाकूड आणायचे कुठून? ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ते १४३६ या काळात आधाराशिवाय घुमट उभा केला, एकात एक अशी दोन कवचे करून. गोम वीट रचण्यात आहे. आत झुकत जाणाऱ्या भिंतीवर आडवी वीट ठेवली की चुना घट्ट होण्याआधीच ती घसरणार. म्हणून त्याने दर काही आडव्या विटांनंतर एक वीट उभी घातली. ती वरच्या थरात डोके काढते आणि दोन्ही बाजूंच्या विटांना अडवून धरते. वरच्या थरात उभी वीट थोडी सरकवायची, असे करत तिरक्या रेघा वर चढत जातात. हे शब्दांत मुलांना कळत नाही. वीस-पंचवीस रिकाम्या काड्यापेट्या घेऊन, पाट तिरका धरून घरी करून दाखवावे. आधी नुसत्या आडव्या ठेवून घसरू द्याव्यात, मग चारनंतर एक उभी.

दुसरी गंमत बैलांची. चाळीस लाखांहून अधिक विटा वर चढवायला ब्रुनेलेस्कीने बैलांनी फिरवायचे यंत्र बनवले. आपल्याकडे जुन्या गुऱ्हाळात बैल चरकाभोवती फिरत, तसेच बैल इथे खांबाभोवती फिरत. ओझे वर गेले की दोर खाली सोडायला एरवी बैल सोडून उलटे जुंपावे लागले असते. त्याने मळसूत्राने दातेरी चाक वरखाली करण्याची सोय केली. बैल त्याच दिशेने चालत राहिले तरी दोर उलटा सुटायचा. हे सांगून झाल्यावर चर्चच्या उत्तर बाजूला वर पाहायला सांगावे. भिंतीतून बैलाचे एक दगडी डोके बाहेर डोकावते. ते कोणाला आधी सापडते, यावर पाच मिनिटे छान जातात.

घुमटाच्या आत चढायचे का? पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, जिना अरुंद, आणि मध्येच ‘आई, मला खाली जायचंय’ म्हटले तर वळायला जागा नाही. वेळ ठरलेले तिकीट आधी काढावे लागते आणि सुट्टीच्या दिवसांत ते आयत्या वेळी मिळत नाही. दहाच्या आतले मूल असेल तर शेजारचा जोत्तोचा मनोरा बरा. पायऱ्या ४१४, पण मध्ये टेकायला मजले आहेत, आणि वरून घुमट दिसतो, जो घुमटावर चढल्यावर दिसत नाही. एकाच दिवसाची सहल असेल तर दोन्ही सोडावे.

समोरच्या बाप्तिस्मागृहाचे पूर्वेकडचे सोनेरी दार शिल्पकार गिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे घडवले. बाहेर आहे ती प्रतिकृती. मूळ दार चर्चमागच्या संग्रहालयात. दहा चित्रफलकांच्या गोष्टी सांगत बसू नये. चौकटीत छोटी गोल डोकी आहेत, त्यांतले टक्कल पडलेले डोके स्वतः कारागिराचे. तेवढे शोधायला सांगावे.

तिथून दक्षिणेला नव्या बाजाराच्या मंडपात पितळी रंगाचे नाक चकाकणारा ब्राँझचा रानडुक्कर बसला आहे. स्थानिक लोक त्याला पोर्चेल्लिनो म्हणजे डुकराचे पिल्लू म्हणतात, जनावर भले दांडगे असूनही. नाकावर हात घासायचा, तोंडात नाणे ठेवायचे आणि ते घरंगळून खालच्या जाळीतून आत गेले तर नशीब फळफळले. हलके नाणे पाण्याबरोबर बाहेर उडते. जड नाणे ओठाच्या कडेला ठेवले तर बहुधा सरळ पडते. गाईडने हे वगळले असेल तर आग्रह धरावा. मुलांच्या लेखी फ्लॉरेन्स म्हणजे हेच डुक्कर.

पोन्ते वेक्किओवर सोनारांची दुकाने आहेत. ती मुळात खाटकांची होती. १५९३ मध्ये दुर्गंधीला कंटाळून शहराच्या राज्यकर्त्याने खाटकांना हलवले. डोक्यावरून जाणारी बंद वाट १५६५ ची, राज्यकर्त्यांना रस्त्यावर न उतरता नदी ओलांडता यावी म्हणून बांधलेली. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले सगळे पूल उडवले, एवढा ठेवला. हा पूल १३४५ चा, कारण आधीचा १३३३ च्या महापुरात वाहून गेला होता. पुराचा विषय निघाला की कोल्हापूरच्या मुलांचे कान टवकारतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोरांना तोंडपाठ. २०१९ आणि २०२१ चा पूर काहींनी घरात पाहिला आहे. म्हणून पुलावरून उफ्फित्सी या चित्रसंग्रहालयाच्या कमानींतून सिन्योरिया चौकात यावे आणि तिथून पाच मिनिटांवर, व्हिया दे नेरी या रस्त्याला सान रेमिज्यो गल्ली मिळते त्या कोपऱ्यावर मुलांना न्यावे. भिंतीवर पूररेषेच्या दोन पाट्या आहेत. जुनी १३३३ ची, तिच्यावर पाण्याच्या लाटांकडे बोट दाखवणारा कोरीव हात आहे. दुसरी १९६६ ची, जुनीच्याही वर. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरचेच. मुलाला पाटीखाली उभे करून हात वर करायला सांगावे. बापाचा हातही पोचत नाही. छापील मार्गावर हा कोपरा सहसा नसतो, पण गाईडला तो माहीत असतो.

सिन्योरिया चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याची प्रतिकृती आहे (मूळ १८७३ पासून अकादेमिया या कलासंग्रहालयात), पण मुलांसाठी दोन गोष्टी पुरेत. एक, जुन्या राजवाड्याच्या भिंतीत, उफ्फित्सीकडच्या कोपऱ्याजवळ कोरलेला माणसाचा चेहरा. मायकेलअँजेलोने पाठमोरे उभे राहून खरवडला अशी दंतकथा आहे. दंतकथा म्हणूनच सांगावी. दुसरी, नेपच्यूनचे कारंजे. हा रोमन समुद्रदेव म्हणजे ग्रीकांचा पोसायडन. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची ब्राँझ मूर्ती आपल्या टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाची आहे. निघण्याआधी एक सकाळ तिथे घालवावी. टाऊन हॉलची इमारतही नीट पाहून ठेवावी, तिचे काम पुढे आहे. फेरी सांता क्रोचेच्या चौकात संपवावी. जागा मोकळी आहे, पोरांना पळू द्यावे, आणि बस उभी राहते ती नदीची बाजू इथून जवळ.

खाण्यापिण्याचे थोडक्यात. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटल्या भरून घ्याव्यात. तोस्काना भागातला पाव बिनमिठाचा असतो. मुले पहिल्या घासाला तोंड वाकडे करतात. सोबतची शेंगदाण्याची चटणी तिथे कामी येते, पण कोणाच्या उंबऱ्यावर किंवा फुटपाथवर फतकल मारून डबा सोडू नये. पालिकेने २०१८ मध्ये काही रस्त्यांवर गर्दीच्या वेळी याला बंदी घालून जबर दंड ठेवला, आणि व्हिया दे नेरी त्यातलाच. लाम्प्रेदोत्तो नावाचे सँडविच गायीच्या पोटाच्या वझडीचे असते, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पप्पा अल पोमोदोरो हे पाव-टोमॅटोचे दाट सार मुलांना आवडते. पिस्त्याचे आइस्क्रीम भडक हिरवे दिसले तर दुसरे दुकान पाहावे.

चुकामूक होण्याचे इथले कारण वेगळेच आहे. एकाच रस्त्यावर घरांचे क्रमांक काळे-निळे आणि दुकानांचे लाल, दोन्ही स्वतंत्र. त्यामुळे १० क्रमांक दोनदा येतो, कधी बऱ्याच अंतरावर. लाल क्रमांकापुढे पत्त्यात ‘आर’ अक्षर असते. मुलाच्या खिशातल्या चिठ्ठीवर हॉटेलचा पत्ता लिहिताना ते गाळू नये. सरकारी संग्रहालयांत अठराखालच्या सर्वांना प्रवेश फुकट आहे, पण वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत लागते. उफ्फित्सी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात, हे सहलीचा वार ठरण्याआधी पाहावे.

आणि काशिने उद्यान. आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले, अवघ्या विशीत. (राजर्षी शाहूंचे चिरंजीव राजाराम महाराज ते वेगळे, हे शाहूंच्या आधीच्या शिवाजी महाराजांच्याही आधीचे.) त्या काळी तिथे दहनाला मुभा नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. प्रयाग चिखली पाहिलेल्या मुलाला संगमच का, हे समजावावे लागत नाही. तिथे १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांनी आखला त्यांचाच. शेजारच्या पुलाला आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात.

ही जागा पायी फेरीत जोडायचा प्रयत्न करू नये, इथेच बेत कोलमडतात. छत्री उद्यानाच्या पश्चिम टोकाला, जुन्या पुलापासून पाचेक किलोमीटरवर आहे. स्टेशनवरून टी-१ ट्रामने ‘काशिने’ थांब्यावर उतरले तरी पुढे दोन किलोमीटरांहून अधिक चालणे उरते, कारण थांबा उद्यानाच्या दुसऱ्या टोकाजवळ आहे. मुलांसह टॅक्सी करावी. ती रस्त्यात हात दाखवून मिळत नाही, स्टँडवरून घ्यावी किंवा फोन करून बोलवावी, आणि परतीसाठी थांबवून ठेवावी. उजेड असतानाच जावे, अंधार पडल्यावर उद्यान निर्मनुष्य असते. मोठ्या गटाला सोपा उपाय म्हणजे सकाळी शहरात शिरण्याआधी बसनेच छत्रीच्या शक्य तितके जवळ जाणे. अर्धा-पाऊण तास पुरतो.

कोल्हापुरातल्या आयोजकांकडे पैसे भरण्याआधी पालकांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात: फ्लॉरेन्सला कोणता वार आहे, बस कुठे उतरवणार, पायी फेरीचे थांबे कोणते आणि किती वेळाचे, आणि काशिनेचा थांबा कार्यक्रमात आहे की नाही. चौथ्याला ‘वेळ मिळाल्यास’ असे उत्तर आले तर ते ‘नाही’ असे समजावे.

आपले,
मुलांच्या शहरफेऱ्या आखणारे काही वाचक,
कोल्हापूर