टेम्पोवाले भाऊ आणि रसवंतीवाले काका, आभार!

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा यंदाचा सीझन तसा साधाच गेला. पण कामठीची मॅच निभावली ती दोन अनोळखी माणसांमुळे.

नागपूरच्या ऑटोमोटिव्ह चौकापुढे आमची गाडी बंद पडली. मैदानावर सातपेक्षा कमी खेळाडू असले तर मॅच सुरूच होत नाही, आणि आम्ही तर सगळेच रस्त्यावर! तेवढ्यात कळमन्याला संत्री उतरवून निघालेले एक टेम्पोवाले भाऊ थांबले. रिकामे क्रेट एका बाजूला रचले, ताडपत्री उलटी करून अंथरली. म्हणाले, "पांढरे कपडे हायेत नं पोरायचे!" भाडं विचारलं तर, "जिंकून या, मंग पाहू."

उत्तरार्धात गोलकीपरचा घोटा मुरगळला. मैदानाबाहेरच्या रसवंतीवाल्या काकांनी बर्फ फोडला, स्वतःच्या दुपट्ट्यात बांधला आणि गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून घोट्यावर धरून बसले. (आमचे दोघं राखीव खेळाडू तोवर चरकावर उभे होते, रस बरा काढला म्हणे.)

मॅच पेनल्टीत हरलो. भाऊ, भाडं तरीही द्यायचंच आहे, कुठं भेटाल ते कळवा. काका, दुपट्टा धुऊन ठेवलाय, रविवारी घेऊन येतो.