शेराचं लंगडणं

भावा,

परवा तुझा फोन आला तेव्हा "शेरा बराय, नंतर बोलतो" एवढंच बोलून मी ठेवला, तुला वाईट वाटलं असणार. पण त्या दिवशी मला बोलायलाच होत नव्हतं रे. आपलं हे जर्मन शेफर्डचं पोर सांगलीहून आणला तेव्हा दीड महिन्याचा होता, अख्खा रस्ता तुझ्या मांडीवर झोपून आला, म्हणून तुला सगळं पहिल्यापासून सांगायला पाहिजे. आज रविवार आहे, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, आणि हा माझ्या पायापाशी पसरलाय.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी उठला आणि पुढचा डावा पाय टेकवेना. मला वाटलं काटा भरला असेल, बॅटरी घेऊन बोटांच्या मधे, पंजाच्या गाद्या, नखांची मुळं सगळं बघितलं, काही नाही. सूज नाही, जखम नाही, कुठं गरम लागत नाही. आदल्या दिवशी पडलाय म्हणावं तर तसंही नाही. जवळच्या डॉक्टरांकडं नेला, त्यांनी सांधे हलवून बघितले, म्हणाले लचकलं असेल, इंजेक्शन दिलं आणि पाच दिवस फिरवायचं नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी गडी ठणठणीत. आम्ही पण विसरून गेलो.

पंधरा दिवसांनी परत लंगडायला लागला, पण या वेळी मागचा उजवा पाय. तिथं मी घाबरलो बघ. लचकलेला पाय डावीकडनं उजवीकडं आणि पुढनं मागं कसा काय जाईल? जेवण अर्ध्यावर आलं, अंग थोडं तापलेलं, आणि रात्री कूस बदलताना कण्हायचा. आठ-नऊ महिन्यांचं पोर, आदल्या आठवड्यापर्यंत गेटवर पुढचे पाय टाकून पेपरवाल्याची वाट बघत उभं राहणारं, ते कोपऱ्यात जाऊन पडून राहिलं. आईनं मीठ-मिरची घेऊन दृष्ट काढली, मी काही बोललो नाही, तिचा जीव पण तेवढाच आहे त्याच्यात.

आणि मग सल्ले सुरू. एक जण म्हणाला आपली डोकेदुखीची गोळी अर्धी दे. बरं झालं दिली नाही, नंतर डॉक्टरांनी सांगितलं की आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी जाऊ शकते, आणि पॅरासिटामॉल पण आपल्या मनानं कधीच द्यायचं नाही. पण दुसरी चूक माझ्या हातनं झालीच. शेजारच्या काकांनी सांगितलं हाडं मऊ राहिलीत, कॅल्शियम पाज, आणि मी महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ सिरप पाजत होतो, वर चांगलं पपी फूड चालूच होतं. मोठ्या जातीच्या पिल्लाला चांगल्या फूडमधनं लागेल तेवढं कॅल्शियम मिळतं, वरनं जास्त दिलं तर हाडांची वाढच बिघडू शकते, हे मला कुणी आधी सांगायला पाहिजे होतं किंवा मी विचारायला पाहिजे होतं. डॉक्टर म्हणाले हे दुखणं कॅल्शियममुळंच आलं असं नाही म्हणता येणार, पण आजपासनं बाटली बंद. ते ऐकून सुद्धा मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

हे दुसरे डॉक्टर. यांच्याकडं जायच्या आधी मी एक काम केलं होतं, वहीत लिहायला लागलो होतो, कुठल्या तारखेला कुठला पाय, सकाळी जास्त का संध्याकाळी, जेवला किती. आणि अंगणात चालताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवले, कारण दवाखान्यात गेल्यावर भीतीनं तो नीट चालून दाखवतो आणि सगळं लपवतो. त्यांनी व्हिडिओ स्लो करून दाखवला. पुढचा पाय दुखत असला की तो टेकवताना कुत्रं डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकला की डोकं खाली जातं. मी रोज बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

मग त्यांनी त्याला खाली जमिनीवरच बसवलं आणि एकेक पाय खालनं वरपर्यंत हळूहळू दाबत गेले. सांधे दाबले, गप्प. दंडाच्या हाडाच्या मधोमध अंगठा ठेवला आणि शेरा असा किंचाळला की माझ्या हातनं पट्टाच सुटला. त्यांनी दुसरा पाय दाबला, मांडीच्या हाडावर तसंच. तेव्हाच त्यांना अंदाज आला होता, पण म्हणाले खात्री करू. रक्त काढलं, कारण आपल्याकडं पावसाळ्यात गोचीड ताप खूप, त्यात पण प्लेटलेट उतरतात, सांधे दुखतात आणि कुत्रं कधी या पायानं कधी त्या पायानं लंगडतं. ते निगेटिव्ह आलं. मग एक्स-रे, त्यासाठी रात्रीपासनं उपाशी ठेवलं आणि झोपेचं इंजेक्शन दिलं, जीभ बाहेर लोंबत टेबलावर पडलेला तो, मला बघवेना, बाहेर जाऊन उभा राहिलो. जर्मन शेफर्डला खुब्याचे आणि कोपराचे आई-बापाकडनं येणारे दोष असू शकतात, त्यात ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं, ते मी आधीच वाचून बसलो होतो. शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्यायची तयारी पण मनात केली होती.

खुबे चांगले निघाले. कोपर चांगलं. पण लांब हाडांच्या आत, मटणाच्या नळीत मगज असतो ना तिथं, ढगासारखे पांढरे डाग. याला पॅनोस्टायटिस म्हणतात. वाढत्या वयात, साधारण पाच महिन्यांपासनं दीड वर्षापर्यंत, मोठ्या जातीत आणि जर्मन शेफर्डमधे फार, नराला जास्त. एका हाडातनं दुसऱ्या हाडात फिरत राहतं, एक पाय दोन-तीन आठवडे दुखतो, थांबतो, मग दुसरा. का होतं ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. पण आपोआप जातं रे! दोन वर्षांचा होईपर्यंत बहुतेकांचं पूर्ण थांबतं आणि पाय अधू राहत नाही. हे ऐकलं आणि मी डॉक्टरांसमोरच रडलो.

आता दुखेल तेव्हा त्यांनी दिलेली कुत्र्याची पेनकिलर, ती पण जेवणाबरोबर आणि मोजूनच. मोठ्या जातीच्या पिल्लाचं फूड, वजन वाढू द्यायचं नाही, कारण जेवढं ओझं तेवढा त्रास. पट्ट्यावर हळू चालवायचं, उड्या बंद. घरातली फरशी गुळगुळीत आहे म्हणून गेटपासनं त्याच्या जागेपर्यंत गोणपाट अंथरलंय, आई रोज झाडून परत अंथरते. जिना मी त्याला उचलून चढवतो, सत्तावीस किलो झालाय, दम लागतो.

कालपासनं पुढचा उजवा पाय परत थोडा धरतोय. वहीत लिहिलं, व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवला, गोळी दिली, रात्री त्याच्याजवळच अंथरूण टाकलं. पहिल्या वेळी कसा कासावीस झालो होतो, तसं काल झालं नाही.

गणपतीला येतोयस ना? एक सांगतो, गाडी कोपऱ्यावरच लाव आणि हॉर्न वाजवू नकोस. तुझा हॉर्न त्याला ओळखू येतो, एकदम उडी मारून गेटकडं पळत सुटतो. तू गपचूप आत ये, त्याच्या गोणपाटावर बस, तो येईल तुझ्याकडं.

तुझाच,
कोल्हापूरचा भाऊ