पणन मंत्री साहेब, न्यूझीलंडसाठी आख्खा कंटेनर नको, कंटेनरमधली थोडी जागा हवीय

मा. पणन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी तासगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं निर्यातीचं काम बघतो. बेदाणा हा आमचा मुख्य माल, जोडीला हळद आणि बचतगटातल्या ताई करतात त्या चटण्या-मसाले. २२ डिसेंबर २०२५ ला भारत-न्यूझीलंड मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं दोन्ही देशांनी जाहीर केलं आणि त्या दिवसापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, न्यूझीलंडला शून्य ड्युटी, आता माल पाठवा. करार झाला याचा आनंद आहेच. पण शून्य ड्युटीने माल जात नाही साहेब, आणि ही गोष्ट तुमच्यापर्यंत कुणीतरी नीट पोचवायला पाहिजे म्हणून हे लिहितोय.

न्यूझीलंडची सरासरी ड्युटी आधीच दोन-सव्वादोन टक्क्यांच्या आसपास होती. कपडे, गालिचे असल्या मालावर दहा टक्क्यांपर्यंत होती, तिथं तिरुपूर किंवा इचलकरंजीला फरक पडेल, पडावाच. खायच्या मालाला ड्युटी ही अडचण नव्हतीच कधी. अडचण वेगळी आहे. तो देश आहे साधारण ५३ लाख लोकांचा, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याएवढीही लोकसंख्या नाही, आणि तिथला खरेदीदार पहिल्यांदा ऑर्डर देतो ती पाचशे किलोची, एक टनाची. आपल्याकडे निर्यात म्हटलं की बोलणंच सुरू होतं वीस फुटी कंटेनरपासून. त्यात बेदाणा बसतो अठरा-वीस टन. मधल्या अंतरात सगळं अडकतं.

ऑकलंडच्या एका बेकरी सप्लायरला आमचा माल आवडला होता. सॅम्पल पास, रिपोर्ट पास, भाव पण जमला. त्याला हवा होता एक पॅलेट, म्हणजे एका लाकडी फळीवर रचून बसेल एवढाच माल. आम्ही चौकशीला गेलो तर एका कार्यालयात सांगितलं की आधी आख्ख्या कंटेनरची ऑर्डर आणा मग बघू, आणि एका फॉरवर्डरने, म्हणजे माल जहाजाने पोचवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटने, एलसीएलचा (इतरांच्या मालाबरोबर कंटेनरमधल्या थोड्या जागेचा) जो रेट दिला तो ऐकून बेदाण्याचा भाव आणि भाडं यात काय फरक राहिला तेच कळेना. कारण असं आहे साहेब की पोचल्यावर तिथं जे खर्च लागतात, डॉक्युमेंटचे, बायोसिक्युरिटी क्लिअरन्सचे (बाहेरची कीड-रोग येऊ नये म्हणूनच्या तपासणीचे), पोर्ट हँडलिंगचे, त्यातले बरेचसे खर्च एका कन्साइनमेंटला लागतात, माल पाचशे किलो असो की अठरा टन. मोठ्या मालात ते किलोमागे दिसतसुद्धा नाहीत, छोट्या मालात सगळा नफा खाऊन टाकतात. वर एलसीएलमध्ये शेजारी कुणाचा माल आहे ते आपल्या हातात नाही. केमिकलचे ड्रम असले आणि वास लागला तर बेदाणा गेलाच. दुसऱ्या कुणाच्या लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का नसला, कुठं माती, बिया, किडा सापडला, तर आख्खा कंटेनर थांबतो आणि आपलाही थांबतो. त्या देशाचं शेती-फळं-दूध हेच पोट आहे, लाळ्या-खुरकूत तिथं कधी आलेलंच नाही, येऊ नये म्हणून ते जिवापाड जपतात. प्रवाशाच्या पिशवीत न सांगितलेलं एक सफरचंद सापडलं तरी ४०० डॉलर दंड. यात राग मानण्यासारखं काही नाही, आपलं एवढं जपलं असतं तर बरं झालं असतं असंच मला वाटतं.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती सरळ सांगतो. पणन मंडळाने न्यूझीलंडसाठी महिन्यातून एक एकत्र कंटेनर लावावा. फक्त खायचा कोरडा माल, फक्त महाराष्ट्रातल्या शेतकरी कंपन्या, बचतगट आणि छोट्या उद्योगांचा. जागा पॅलेटच्या हिशोबाने विकावी, भरताना मंडळाचा माणूस उभा राहावा, पॅलेट, बॉक्स, फ्युमिगेशन सगळं त्याने बघावं. तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, सिंधुदुर्गातलं आमसूल, वेंगुर्ल्याचा काजू, सोलापूरची शेंगा चटणी, मंगळवेढ्याची ज्वारी. एकट्याने कंटेनर भरणारा यात कुणी नाही, सगळे मिळून भरतात. फुकट काही नको साहेब, भाडं आम्ही देऊ. पहिले काही महिने कंटेनर अर्धा रिकामा गेला तर त्या रिकाम्या जागेचा खर्च तेवढा सरकारने सोसावा, म्हणजे ठरलेल्या तारखेला तो निघतोच याची खात्री खरेदीदाराला राहील. त्याला तेवढंच हवं असतं, दर महिन्याला येणार का. न्हावा शेवाहून सिंगापूर, पोर्ट क्लँग किंवा कोलंबोला माल बदलून ऑकलंडला पोचायला महिना-दीड महिना जातो, तर तारीख हुकली की त्याचं आख्खं सीझन हुकतं.

आता माल विकणार कुणाला? आपल्याकडे बहुतेक लोक पहिला विचार करतात भारतीय दुकानांचा. चूक नाही, २०२३ च्या जनगणनेत तिथं भारतीय वंशाचे सुमारे २ लाख ९२ हजार लोक निघाले, ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम, पापाटोएटो भागात आपली दुकानं आहेत. पण ती दुकानं आधीच भरलेली आहेत, मोठ्या ब्रँडचा माल तिथं वर्षानुवर्षं जातोय आणि भावात आम्ही त्यांच्यापुढे टिकणार नाही. मला जास्त जागा दिसते ती गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात.

बेदाण्याचंच बघा. त्या देशात वाईनची द्राक्षं भरपूर, बेदाणा मात्र बाहेरूनच येतो. आणि त्यांच्या बेकरीचे दोन मोठे सीझन आहेत, एक ख्रिसमसचा केक आणि मिन्स पाय, दुसरा ईस्टरचे हॉट क्रॉस बन, जे दुकानात जानेवारीपासूनच दिसायला लागतात. या बेकरीला आपल्यासारखा हिरवागार किंवा पिवळाधमक बेदाणा लागत नाही, तपकिरी मऊ बेदाणा चालतो, म्हणजे आपल्या सौद्यात ज्याला खालचा भाव मिळतो तसा. पिवळा रंग यावा म्हणून आपण गंधकाची धुरी देतो आणि तिथला नियम असा की सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त भरलं की लेबलवर लिहावंच लागतं. धुरी न दिलेला, काडी पूर्ण काढलेला, एका साईझचा तपकिरी बेदाणा हा तिथं चांगल्या भावाचा माल आहे. काडीचं मुद्दाम सांगतो. आपल्याकडे दहा किलोच्या बॉक्समध्ये पाच-दहा काड्या राहिल्या तर कुणी विचारत नाही, बेकरीवाल्याच्या बनमध्ये एक काडी दाताखाली आली तर पुढची ऑर्डर येत नाही.

आणि रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरणाऱ्या फवारणीच्या औषधाच्या अंशाचं. युरोपने आम्हाला घाम फोडलाय, तिथं ज्या औषधाची मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम लावतात. न्यूझीलंडचा हा डिफॉल्ट आकडा ०.१ आहे, आणि बाहेरून येणाऱ्या मालाला कोडेक्सची (अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची) मर्यादा पण धरतात. युरोपसाठी जो शेतकरी तयार झालाय त्याला हा बाजार अवघड नाही. हे तासगावात किती जणांना माहीत आहे? मला तरी कुणी सांगितलं नव्हतं, नियम वाचत बसून कळलं.

लेबल हा पुढचा विषय. तिथं आणि ऑस्ट्रेलियात अन्नाचा एकच कोड आहे. पाकिटावर न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियातल्या पुरवठादाराचं नाव-पत्ता पाहिजे. म्हणजे खरेदीदार ठरल्याशिवाय पाकीट छापताच येत नाही, आणि आपले प्रिंटर तर हजारोंच्या खाली पाकिटं छापत नाहीत. बचतगटाच्या ताईंनी काय करायचं? शेंगदाणा, तीळ, दूध, गहू यांची नावं साध्या ठरलेल्या शब्दांत आणि ठळक अक्षरात हवीत. शेंगदाण्याच्या मालाकडे तर अफ्लाटॉक्सिनमुळे (बुरशीच्या विषामुळे) जास्तच बारीक नजर असते, म्हणजे शेंगा चटणी पाठवायची तर दाणा कुठून घेतला, किती वाळवला इथपासून सुरुवात. ज्वारीच्या पिठाची तर गंमत नाही, खरी संधी आहे, ग्लुटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेलं, खाणारे लोक चांगला पैसा देतात. पण आपल्याकडे २० पीपीएमपर्यंत (किलोला २० मिलिग्रॅम) ग्लुटेन असलं तरी ग्लुटेन-फ्री म्हणता येतं, त्यांच्याकडे तपासणीत अजिबात सापडता कामा नये. ज्या गिरणीत सकाळी गहू दळला त्याच गिरणीत दुपारी ज्वारी दळली तर ते पीठ नापास. मंगळवेढ्यात एक वेगळी, फक्त ज्वारीची गिरणी लागेल, गोणीपासून पॅकिंगपर्यंत वेगळी. राज्याच्या स्मार्ट आणि मॅग्नेट या शेतमालाच्या प्रकल्पांतून गोडाऊन आणि पॅकहाऊस उभी राहिली, तशीच ही एक गिरणी बसवता येईल ना?

मध पाठवायच्या फंदात मात्र कुणी पडू नये, त्यांचं दार जवळपास बंदच आहे. दुधाची मिठाईसुद्धा आपल्याकडच्या लाळ्या-खुरकूतमुळे अवघड. हे कुणीतरी आधी सांगितलं तर लोकांचे पैसे वाचतील. पणन मंडळाने एकेका मालाचं एकेक पान मराठीत काढावं, कुठला नियम, कुठली टेस्ट, कुठलं सर्टिफिकेट, कुठल्या महिन्यात मागणी, बास.

आंब्याचं थोडक्यात सांगतो कारण ते काम वाशीत सुरू आहे. मंडळाच्या व्हेपर हीट ट्रीटमेंटमधून (किडीसाठी गरम वाफेच्या प्रक्रियेतून) आपला आंबा न्यूझीलंडला जातो. ऑस्ट्रेलियाचा आंबा तिथं मुख्यतः उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात येतो. एप्रिल-मे-जून हा काळ आपला आहे. मराठवाड्याच्या केसरला इथं हापूसपेक्षा जास्त वाव आहे असं माझं मत, कारण हापूसमध्ये साका (आतला गर पांढरट, खराब) निघाला की गिऱ्हाईक तुटतं, आणि बारा हजार किलोमीटरवरच्या गिऱ्हाइकाला समजावून सांगायला कोण जाणार.

कोण जाणार हाच दुसरा मुद्दा. तिथं सुपरमार्केटचे दोनच मोठे गट आहेत, फूडस्टफ्स आणि वूलवर्थ्स. त्यांच्याच स्पर्धा आयोगाने (कॉमर्स कमिशन) २०२२ च्या चौकशी अहवालात स्पर्धा कमी असल्याचं म्हटलं. वूलवर्थ्सच्या मुख्य खरेदीदारापर्यंत आम्ही पोचणं कठीण. पण फूडस्टफ्सची न्यू वर्ल्ड, पॅकन्सेव्ह ही दुकानं ज्याची त्याची मालकीची आहेत, सहकारी पद्धतीने जोडलेली, आणि दुकानमालक काही माल स्वतःच्या मर्जीने ठेवू शकतो. सहकार म्हटल्यावर आपल्याला काही नवीन नाही. पण त्या मालकाच्या दारात सॅम्पल घेऊन माणूस गेला पाहिजे, पंधरा दिवसांनी परत गेला पाहिजे. ईमेलने होत नाही. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ऑगस्ट २०२४ मध्ये तिकडे गेल्या तेव्हा ऑकलंडला भारताचं कॉन्सुलेट (वाणिज्य दूतावास) उघडायची घोषणा झाली, त्या कॉन्सुलेटशी बोलून महाराष्ट्राचा एक विक्री जाणणारा माणूस तिथं बसवा. अधिकारीच पाहिजे असं नाही, तिथं राहणारा एखादा मराठी माणूस पगारावर घेतला तरी चालेल, फूड इम्पोर्टर म्हणून नोंदणी असलेल्या एखाद्या तिथल्या कंपनीबरोबर करार केला की लेबलवरच्या पत्त्याचा प्रश्न पण तिथंच सुटतो. पंचवीस जणांचं शिष्टमंडळ आठवडाभर फिरून येतं त्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि कामाचं होईल.

ते लोक आपल्याकडे कसे आले बघा. सांगलीच्या मार्केटमध्ये झेस्प्री या न्यूझीलंडच्या कंपनीचा किवी मिळतो, प्रत्येक फळावर स्टिकर. शेतकरी तिकडचेच, एकत्र आले, एका नावाने जगभर विकतात. त्यांच्या सरकारची व्यापार संस्था मुंबईत ऑफिस घेऊन आपल्या गिऱ्हाइकाला काय आवडतं याचा अभ्यास करते. ५३ लाखांचा देश १४० कोटींचा बाजार एवढा बारकाईने वाचतो, तर आपण त्यांचा छोटा बाजार तेवढ्याच मन लावून वाचायला हवा.

कुणी म्हणेल की एवढ्याशा बाजारासाठी कशाला एवढी धडपड. तर साहेब, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात १९९८ पासून असा समझोता आहे की एका देशात कायदेशीर विकला जाणारा माल साधारणपणे दुसऱ्यातही विकता येतो. ऑस्ट्रेलियाचे बायोसिक्युरिटीचे नियम वेगळे पाळावेच लागतात, पण लेबल, टेस्ट, पॅकिंग हे सगळं शिक्षण एकदाच. ऑस्ट्रेलियाशी आपला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहेच. छोट्या बाजारात थोड्या पैशात शिकता येतं, चूक झाली तर एका पॅलेटवर भागतं, कंपनी बुडत नाही. आमच्यासारख्या दोन-अडीचशे सभासदांच्या कंपनीला अठरा टनांचा एक कंटेनर परत आला तर दार लावायची वेळ येते.

साहेब, यंदाचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला आहे. ख्रिसमसच्या बेकिंगसाठी तो सप्टेंबरअखेर ऑकलंडच्या गोडाऊनमध्ये हवा, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात न्हावा शेवाहून निघायला हवा. त्याआधी एक बैठक तासगावच्या मार्केट यार्डात घ्या, मंडळाचे अधिकारी आणि एक फॉरवर्डर सोबत आणा. कोण किती पॅलेट देणार त्याची यादी आम्ही त्याच बैठकीत तुमच्या हातात देतो.

आपला,
तासगाव तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीचा संचालक